पाचव्या भागातलं पितळेचं ताट

राग धरायचा तर नीट धरावा, अर्ध्यात सोडून देण्यात काही राम नाही, असं माझं मत आहे. एका माणसावर मी तीन वर्षं राग धरून होते आणि त्या तीन वर्षांत त्याच्या मालिकेचा एकही भाग मी चुकवला नव्हता.

पुलगावात माझं फॉल-अस्तर, लेस आणि बटणांचं दुकान आहे. येणाऱ्या बाया ब्लाउजच्या मापापेक्षा मालिकांवर जास्त बोलतात. त्यांचं ऐकून ऐकून मीही तोंड उघडलं आणि तोंड उघडलं म्हणून वर्ध्याहून निघणाऱ्या एका साप्ताहिकानं मला अर्धं पान दिलं. दर आठवड्याला एका भागाचं परीक्षण. मी लिहायचे तेही दुकानात बोलावं तसंच. नायिकेच्या पदराला फॉल लावलेला नसेल, तर तेसुद्धा लिहायचे.

ही मालिका भुताची होती. एक लंगडी विधवा, ओसाड गाव, हातात पितळेचं ताट. ती दरवर्षी एका तरण्याताठ्या पुरुषाला घरी बोलावते, मेलेल्या नवऱ्याच्या पाटावर बसवून जेवू घालते, आणि जेवलेला माणूस वर्ष संपायच्या आत मरतो. ताटाच्या काठाला एक पोचा. जेवण झालं की ती बाई म्हणते, "येजो पुढच्या साली." मग घुबड ओरडतं, आणि अर्धा महाराष्ट्र उशीत तोंड खुपसतो.

ते ताट आमच्या घरचं. तो पोचा माझ्या हातून पडला, लहानपणी विहिरीच्या काठावर भांडी घासताना. आणि ती लंगडी बाई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. आम्ही तिला बाई म्हणतो. ती पुलगावला लागूनच नाचणगावात राहते, एकटी. बैलगाडीवरून पडून पाय मोडला तेव्हापासून लंगडते. कुणाला खात-बित नाही.

बाईचे यजमान गेले तेव्हा ती तिशीत होती. दिवाळीच्या आठ दिवस आधी बाजारात उभे असताना छातीत दुखलं, तिथंच बसले ते उठलेच नाहीत. मूलबाळ नाही, त्यांना भाऊ नाही. आणि आमच्याकडं आखजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात आणि त्याच्या जागी एका जित्या माणसाला जेवू घालतात. त्याला पित्तर म्हणतात. त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, पोटभर वाढायचं आणि निघताना खांद्यावर नवा दुपट्टा टाकायचा. तेवढा वेळ तो माणूस म्हणजे तुमचं गेलेलं माणूस. बायकोच्या माहेरचं कुणी चालत नाही, साडूही चालत नाही, म्हणून आमच्या ह्यांना बसवता येईना. मग शेजारच्या घरातला मुलगा बसला. वीस-बावीसचा होता, कॉलेज संपवून नुसता कविता करत हिंडायचा.

तो नऊ आखज्या बसला. नऊ. बाई त्याला जेवताना अहोजाहो करायची, कारण तेव्हा तो आमचे भाऊजी, म्हणजे तिचा गेलेला नवरा असायचा. "घाई नोका करू, पोटभर जेवा," म्हणायची. हात धुतला की तो पुन्हा शेजारचा पोरगा व्हायचा. त्याच्या खांद्यावर दुपट्टा टाकून म्हणायची, "येजो पुढच्या साली." सरगुंडे, म्हणजे काडीवर वळलेल्या शेवया, आणि आमरस त्याला इतका आवडायचा की बाई त्याच्यासाठी दोन आंबे जास्तीचे पिळायची.

मग तो मुंबईला गेला. आणि मालिका लिहू लागला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं असतात हे मी ऐकून होते, पण ह्यानं वासे मोजून विकायलाही काढले.

पहिला सीझन आला त्या वर्षी आखजीला बाईचं वावर बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, करणारा माणूस, जो ह्याच्या जाण्यानंतर पित्तर म्हणून बसायचा, त्याची दाढ दुखायला लागली. सकाळी निरोप आला, दुपारी मी त्याला पुलगावच्या चौकात भजे खाताना बघितलं. दुसऱ्या वर्षी आंजीहून भाऊजींचा एक लांबचा चुलतभाऊ आणला. बसला बिचारा. दोन घास खाल्ले आणि फोन वाजला. त्याची बायको फोनवर इतकी ओरडत होती की आम्हाला शब्द न् शब्द कळत होता. तो ताटावरून उठला. पित्तर अर्ध्या ताटावरून उठलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. बाईनं ते ताट गाईपुढं नेऊन ठेवलं आणि त्या दिवशी ती स्वतः जेवली नाही.

"मेलेलं माणूस जेवत नाई, हे मलेही समजते," ती मला म्हणाली. "पण वर्षातून एक दिवस त्याच्यासाठी सैपाक असते ना माह्या घरी. तेवढा एकच दिवस हाय माह्याजवळ. तोही नेला त्यानं."

ती रडली नाही. मी रडले, आणि रडताना त्याला इतक्या शिव्या दिल्या की बाईनं दार लावून घेतलं.

यंदा शेवटचा सीझन लागला. पाचवा भाग मी बाईच्याच घरी बघितला, दुपारी परत दाखवतात तेव्हा. मी वही घेऊन बसले होते, बाई शेंगा फोडत होती. ह्या भागात त्यानं भुताचं गुपित उघडलं. त्या विधवेनं नवऱ्याला स्वतःच मारलेलं असतं. आखजीच्या दिवशी, आमरसात विष घालून, त्याच पितळेच्या ताटात.

बाईचे हात थांबले. पडद्यावर ती नटी केस मोकळे सोडून नवऱ्याला रस वाढत होती.

"हे माह्यावर हाय?" बाईनं विचारलं.

तीन वर्षं तिनं लंगडणं सहन केलं, ताट सहन केलं, तिच्या ओळीतल्या, म्हणजे गल्लीतल्या, पोरांनी मागून ओरडलेलं "येजो" सहन केलं. नवऱ्याला मारल्याचं हे पहिल्यांदाच.

बाईनं टीव्ही बंद केला नाही. शेवटपर्यंत पाहिलं. मग शेंगांचं सूप उचलून म्हणाली, "आखजी वीस दिवसांवर आली. आता कोण येईन जेवाले?"

माझं डोकं फिरलं. मी तशीच उठून दुकानात आले, शटर अर्धं खाली ओढलं आणि परीक्षण लिहायला बसले. तसं परीक्षण मी आधी कधी लिहिलं नव्हतं. विदर्भातलं गाव म्हणून दाखवलेल्या घराच्या भिंती कोकणातल्या लाल चिऱ्याच्या कशा, हे लिहिलं. पात्रं दर वाक्याला 'बे' म्हणतात म्हणून ती वऱ्हाडी होत नाहीत, हे लिहिलं. नटीचं लंगडणं पहिल्या प्रसंगात डाव्या पायानं आणि शेवटच्या प्रसंगात उजव्या पायानं आहे, हेही सोडलं नाही. आणि मग मुख्य मुद्द्यावर आले.

मी लिहिलं, "पितळेच्या ताटात आमरस कुणी वाढत नाही. पितळेत आंबट कळकतं, हे आमच्याकडं पाच वर्षांच्या पोरीलाही माहीत असतं. रस असतो पळसाच्या द्रोणात. लेखकमहाशयांना हे चांगलंच माहीत आहे. त्यांनी नाचणगावात ह्याच ताटावर, ह्याच पोच्याजवळ हात ठेवून, सलग नऊ वर्षं पित्तराचं जेवण जेवलं आहे. नऊ वेळा मरायला हवे होते. फोटोत तर चांगले गरगरीत दिसतात."

छापून आलं तसं सगळ्यांच्या मोबाइलवर फिरलं. वर्ध्याहून फोन, देवळीहून फोन. दुकानात बाया यायच्या आणि टाळी द्यायला हात पुढं करायच्या. मी दोन दिवस नुसती फुगून बसले होते. म्हटलं, आता बघू कसा दाखवतो तोंड नाचणगावात.

तिसऱ्या दिवशी बाई आली. लंगडत, उन्हात, पायी. स्टुलावर बसली, पाणी प्याली.

"तू काऊन लिहिलं ते?" तिनं विचारलं.

"त्याची जिरवाले लिहिलं."

"त्याची जिरली का नाई ते मले माहीत नाई. आमच्या ओळीत लोकं काय म्हणून राह्यले ते सांगतो. म्हणतेत, पाहा, लहान बहीणच लिहून राह्यली, पितळेत रस कळकते. म्हणजे त्या बाईनं रस पितळेतच वाढला असन. म्हणूनच माणूस गेला."

"भाऊजी दिवाळीत गेले. दिवाळीत कोठी असते आंबा?"

"हे कोन इचारते?" बाई म्हणाली. "आतापर्यंत लोकाइले नुसता संशय होता की ते माह्यं घर हाय. तू तं गावाच्या नावासकट छापून देलं."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. तीन वर्षं त्यानं जे नाव घेतलं नव्हतं ते मी घेतलं होतं. बाई पदर डोक्यावर घेऊन उठली. मी तिला ऑटोत बसवून दिलं. माझा राग कमी झाला असं मात्र कुणी समजू नये. त्यात माझ्यावरचाही मिसळला, एवढंच.

आखजीच्या चार दिवस आधी तो स्वतः दुकानात आला.

त्याचे वडील पौषात वारले होते. भला माणूस. भाऊजी गेले तेव्हा बाजारातून त्यांना घरी आणणारा तोच. त्यांची ही पहिली आखजी, आणि पहिल्या आखजीला पित्तर जेवलं नाही तर माणूस अधांतरी राहतो, असं त्याच्या आईच्या मनानं घेतलेलं. म्हातारी सात घरं फिरली होती. एकही माणूस तयार होईना. नाचणगावात पित्तर म्हटलं की लोकांना ते घुबड ऐकू येत होतं. घुबड कुणी सोडलं होतं, ते सगळ्यांना माहीत होतं.

मी एका बाईला साडेपाच मीटर लेस मोजून देत होते. त्याला बघितलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली. मग त्या बाईला दुसरे नमुने दाखवले, तिनं मागितले नव्हते तेही. तो काळा चष्मा हातात धरून उभा. स्टूल रिकामं होतं, मी बस म्हटलं नाही. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं.

"ताई," शेवटी तो म्हणाला, "भाऊंना आमच्याकडं पाठवता का, बाबांच्या नावानं जेवायला?"

भाऊ म्हणजे आमचे हे. ते त्याच्या घरी बसू शकत होते, कारण तिथं ते कुणाचे साडू नव्हते.

"काऊन? गावातली मानसं कोठी गेली?"

"लोकं घाबरतात. तुम्हाला माहीत आहे."

"कशाले घाबरतेत?"

"ताई, ती कथा आहे. फिक्शन असतं ते."

"मंग फिक्शनमधूनच आण ना एखादा पित्तर," मी म्हटलं. "तुह्याजवळ तं तयार हायेत. सगळे मेलेले हायेत, पण तू लेखक हायेस, उठवशीन."

तो खाली बघत होता. लेस घेणारी बाई पैसे देऊनही हलत नव्हती. मला तिची घाई नव्हती.

"आई चार दिवस नीट जेवली नाही," तो म्हणाला. "माझ्यावर राग काढा. बाबांवर नका काढू."

इथं मला जरा टोचलं. पण मी ते दाखवलं नाही. म्हटलं, "हे येतीन तुह्या घरी. पण आधी तू बाईच्या घरी बसाचं. आखजीच्या दिवशी, भर दुपारी, अंगणात, फाटक उघडं ठेवून. त्याच ताटावर."

"लोकं व्हिडिओ काढतील."

"काढू दे. तुले तं कॅमेऱ्याची सवय हाय."

त्यानं काळा चष्मा डोळ्यांवर चढवला. मग "बरं" म्हणून गेला.

बाईला मी आदल्या संध्याकाळी सांगितलं. वाटलं होतं, खूश होईल, निदान मला माफ करेल. तिनं फळीवरचं पितळेचं ताट खाली काढलं. मग म्हणाली, "रसाले आंबे लागतीन," आणि पिशवी घेऊन उठली.

आखजीच्या दिवशी ओळीतल्या भिंतींवर माणसं बसली होती. कुणाच्या लग्नालाही एवढी आली नसती. बटईवालाही आला होता, फाटकाशी, अर्धा आत आणि अर्धा बाहेर. तो लेखक सदरा घालून आला. बाईनं त्याचे पाय धुतले. मी तिचा हात धरायला पुढं झाले होते, तिनं मला डोळ्यांनीच मागं सारलं. गंध लावलं. नवा दुपट्टा माझ्या हातात दिला आणि बाजूला उभी राहा म्हणाली.

ताट आलं. पुरणपोळी, वडे, कुरड्या, सरगुंडे. बाजूला पळसाच्या दोन द्रोणांत रस आणि चिंचोणी, म्हणजे चिंचेचं सार. त्यानं हात पुढं केला तशी बाई म्हणाली, "थांब."

अजून तिनं अहोजाहो सुरू केलं नव्हतं.

"मी माह्या मानसाले इष घातलं का?"

"नाही, वहिनी."

"मले माहीत हाय. त्याइले सांग."

तो पाटावरून अर्धा उठला. भिंतीवरची माणसं मोबाइल उंच धरून होती. पहिलं वाक्य त्यानं दोनदा अर्ध्यात सोडलं. दुसऱ्यांच्या तोंडी पानंच्या पानं घालणारा माणूस. मग म्हणाला, "वहिनींनी काही केलं नाही. दादा दिवाळीच्या आधी बाजारात छातीत दुखून गेले, माझ्या बाबांनी घरी आणलं. मी खोटं लिहिलं. नऊ वर्षं इथं जेवलो आणि खोटं लिहिलं."

"आता जेवा," बाई म्हणाली. "घाई नोका करू."

तो जेवला. मी बघत होते. माझ्या मनात होतं की त्याला घास उतरू नये, ठसका लागावा, सगळ्यांसमोर रडावं. तो तर जेवत होता. बाई वाढत होती, तसंच, नऊ वर्षं वाढायची तसंच. रस दुसऱ्यांदा वाढला. मला तिचाच राग यायला लागला. इतक्यावर सुटला म्हणजे काय. त्यानं ताट स्वच्छ केलं, पोच्यापर्यंत पुसून खाल्लं. बाईनं त्याच्या हातावर पाणी घातलं.

मग तो उभा राहिला, ओले हात पुढं धरून. वाट पाहत होता. आम्ही सगळेच वाट पाहत होतो. भिंतीवरसुद्धा कुणी बोलत नव्हतं, कारण आता काय म्हणायचं असतं ते सगळ्या महाराष्ट्राला पाठ होतं. मी दुपट्टा घेऊन एक पाऊल पुढं आले.

बाई काही बोलली नाही. तांब्या खाली ठेवला आणि ताट उचललं.

"वहिनी," तो म्हणाला. आवाज अगदी त्या वेळच्या पोरासारखा झाला होता. "पुढच्या साली येऊ ना?"

"नोको येऊ," बाई म्हणाली.

रागानं नाही, जशी दारावरच्या भाजीवाल्याला आज नको म्हणते तशी. पण त्याचा चेहरा मी पाहिला. तीन वर्षं मी जे शोधत होते ते मला त्या दोन शब्दांत मिळालं, आणि ते शब्द माझे नव्हते.

मग बाई फाटकाकडं वळली. बटईवाला तिथं मान खाली घालून उभा होता.

"दाढ कशी हाय?" तिनं विचारलं.

"बरी हाय, वहिनी."

"मंग येजो पुढच्या साली."

घुबड ओरडलं नाही. बटईवाल्यानं एकदा भिंतीवरच्या लोकांकडं पाहिलं, एकदा त्या पाटाकडं, आणि म्हणाला, "येतो."

लेखक त्याच ओल्या हातांनी आपल्या घराकडं गेला. आमचे हे त्याच्या ओट्यावर कधीचे बसलेले होते, त्याच्या आईनं त्यांचे पाय धुवायला घेतले होते. बाई तिकडं एकदा बघून म्हणाली, "पोटभर जेवा म्हणा त्याइले. ह्याचा बाप चांगला मानूस होता."

आणि ती आत जाऊन स्वतःसाठी वाढून घ्यायला लागली. दुपट्टा माझ्या हातातच राहिला. घडी न मोडता मी तो तिच्या कपाटात ठेवला आहे, पुढच्या आखजीला लागेल.